दोन बोटांची माया

गल्लीत तिला भोंगा म्हणायला लागले ते अगदी अलीकडे. त्याआधी तिचं नाव होतं पुटपुट. दुकानात गेली तर ती साबण मागतेय की साखर, हे दुकानदाराला तिच्या ओठांवरून ओळखावं लागायचं. बाबांनी दुसऱ्या गावात दुसरा संसार थाटला तेव्हा तिचा आवाज जो घशाखाली उतरला, तो वर यायचं नावच घेईना. मग शाळेच्या क्रीडादिनाला ऐनवेळी माइक बंद पडला. खेळाच्या बाई हातवारे करकरून दमल्या, रांगांचा पार चिवडा झाला, आणि सगळ्यात मागे उभ्या असलेल्या पुटपुटने, कुणी सांगितलं नव्हतं तरी, थेट पोटातून आवाज काढला, "सगळेऽ जण डावीकडेऽ वळा!"

सगळं मैदान डावीकडे वळलं. शिक्षकसुद्धा वळले. चहाची किटली घेऊन चाललेला शिपाईसुद्धा वळला.

त्या दिवसापासून ती थांबेचना. जिन्यात बोलायची, गॅलरीतून बोलायची, तोंडात घास असताना बोलायची. आई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "अगं, मध्ये जरा श्वास घे. आख्खी गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे की!"

ऐकू दे, हीच तर गंमत होती. कुणीतरी ऐकत होतं.

गल्लीच्या टोकाला, बेकरीच्या मागे, एक मोकळी जागा पडून होती. ट्रक तिथे वळायचे, मांजरी तिथे भांडायच्या, आणि ज्याला जे टाकायचं ते तो तिथे टाकायचा. मंडळाचे सेक्रेटरी काका त्या जागेसाठी अर्ज करकरून म्हातारे झाले होते. आणि यंदा पालिकेने जाहीर केलं की गावातल्या ज्या वस्तीतले लोक थंडीच्या हंगामाअखेर जास्तीत जास्त सडपातळ होतील, त्या वस्तीला तिच्या शेजारची मोकळी जागा व्यायामासाठी मिळेल. कुंपण, लोखंडी बार, पळायला गोल वाट, कडेने भाजीचे वाफे, सगळं पालिका करून देणार. नाहीतर तिथे ट्रकतळ होणार, कायमचा.

काकांनी ही बातमी मंडळाच्या फळ्यावर लिहिली. फळा कुणी वाचत नव्हतं. भोंगाने वाचला, आणि ती दारोदार सुटली.

"काकू, उद्या सकाळी मैदानावर यायचं हं."

"मैदान? कुठलं गं मैदान?" बेकरीवाली काकू पाव मोजता मोजता म्हणाली. "तो उकिरडा?"

"आपण गेलो की होईल मैदान."

"ऐका हो ऐका! परवापर्यंत हिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि आज ही आम्हाला पळवायला निघाली." काकू हसली की तिच्यासकट अख्खं काउंटर हसायचं. "येईन. पण पळणार नाही, आधीच सांगून ठेवते. मी फक्त बघायला येईन."

बघायला म्हणून आलेली काकू दुसऱ्या दिवशी सगळ्यात पुढे उभी होती. पोस्टमन आला, त्याची आई आली, गॅरेजवाला आला, जिना चढताना दोनदा बसणारे आजोबा आले. भोंगा एका उलट्या पिंपावर उभी राहून ओरडत होती, "हात वर! वर म्हणजे वर, आजोबा, खिशात नाही!" आणि गल्ली हसत होती, धापा टाकत होती, हात वर करत होती.

गाडं अडलं ते मापावर. पालिकेला सुरुवातीचं माप हवं होतं. ज्या त्या वस्तीने आपलं आपण घेऊन कळवायचं, आणि शेवटचं माप पालिकेची नर्स येऊन घेणार. सेक्रेटरी काकांनी कुठूनतरी वजनकाटा आणला, आणि काटा बघून बायका ज्या मागे सरल्या त्या थेट घरी गेल्या.

"मी काय भंगार आहे काट्यावर चढायला?" बेकरीवाली काकू कडाडली. "आणि आकडा कोण वाचणार, तुम्ही? म्हणजे संध्याकाळपर्यंत फळ्यावर!"

पालिकेचं म्हणणं पडलं, वजन नको तर कमरेचा घेर चालेल. पण तो तरी घ्यायचा कुणी? तेव्हा काकूनेच तोड काढली. "आपली शिंपीणताई आहे की! तिच्यापुढे कसली लाज?"

शिंपीणताई म्हणजे भोंगाची आई. समोरच्या खोलीत मशीन, मशीनमागे पडदा, पडद्यामागे आरसा. मायलेकींचं घर त्या एका मशीनवर चालायचं. गल्लीतल्या प्रत्येकाची कंबर, दंड, छाती आईला तोंडपाठ होती, आणि त्यातलं एक अक्षर आजवर कधी पडद्याबाहेर गेलं नव्हतं. कुणाचा ड्रेस दाटायला लागला आणि ती बाई ओशाळून आरशापुढे उभी राहिली, की आई म्हणायची, "कापड आटलंय हो. हल्लीची कापडं मेली अशीच." आणि शिवण उसवून आतली माया सोडायची. पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. आईच्या कपड्यांत ती इतर शिंप्यांपेक्षा जरा जास्तच असायची. गल्ली तिच्याकडे येत होती ती त्यासाठी.

"मला नको गं ओढू यात," आई म्हणाली. "माझं काम कपड्यांचं."

"आई, प्लीज. तुझ्याशिवाय कुणी तयारच नाही. तू पडद्यामागून आकडा सांग, मी बाहेर लिहून घेते. बास!"

लेक इतकं भडाभडा काही मागतेय, याचंच आईला इतकं कौतुक होतं, की तिने गळ्यातली टेप काढली. गल्ली एकेक करून पडद्याआड गेली आणि हसत हसत बाहेर आली.

मग तो हंगाम असा काही रंगला! बेकरीत कोंड्याचा पाव आला. तळणाची कढई निम्म्या घरांतून माळ्यावर गेली. गॅरेजवाल्याच्या डब्यात चक्क काकडी दिसली, आणि त्याच्या कामगारांनी ती बघायला गर्दी केली. नाही म्हणायला हळूहळू पळण्यापेक्षा गप्पाच जास्त व्हायला लागल्या, आणि कोंड्याचा पाव खाल्ल्याच्या आनंदात वर दोन बिस्किटंही जायला लागली. बेकरीवाल्या काकूच्या खिशात ती कायम असत. "ही औषधाची," ती म्हणायची. पण आजोबा आता न बसता जिना चढत होते. वर्षानुवर्षं न बोलणारी दोन घरं शेजारी शेजारी वाकून पायाचे अंगठे धरत होती. ते खोटं नव्हतं.

शेवटच्या दिवशी पालिकेची नर्सबाई आली. कडक इस्त्रीची, कडक बोलण्याची. "स्वेटर काढा. कोट काढा. श्वास सोडा." आणि टेप अशी आवळली, की पोस्टमनच्या तोंडून "आई गं" निघालं. तिने आकडे सांगितले, सेक्रेटरी काकांनी जुन्या आकड्यांशी ताडून पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"सगळे," ते म्हणाले. "सगळेच्या सगळे बारीक झालेत! असं दुसऱ्या कुठल्याच वस्तीत नाही, जागा आपली!"

पुढे काय झालं ते विचारूच नका. काकूने भोंगाला उचलली, खरोखर उचलली, आणि पिंपावर उभी केली. कुणीतरी भाड्याचा माइक आणला. भोंगाला माइकची गरज नव्हती, तरी तिने तो हातात घेतला, आणि ती बोलली. काय बोलली ते तिचं तिलाच नंतर आठवेना, इतकं ते आपोआप आलं. आभाळ ठेंगणं म्हणतात ते हेच.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हाही बोलतच होती. काकूची कंबर किती कमी, पोस्टमनची किती, गॅरेजवाल्याची किती. मशीनवरचे आईचे पाय हळूहळू थांबले.

"पुन्हा सांग. काकूची किती?"

तिने सांगितलं.

"आणि तुझी?"

"माझीपण! मीपण बारीक झालेय, बघ ना!"

आईने तिला जवळ ओढलं आणि स्कर्टच्या हुकाला बोट लावलं. "हा हुक मी कधी सरकवला?"

"नाही सरकवलास."

"मग स्कर्ट सैल का नाही झाला?"

आईने गळ्यातली टेप काढून भोंगाच्या कमरेभोवती धरली, नेहमी धरते तशी. टेपच्या आत तिची दोन बोटं होती. आई त्या बोटांकडे अशी पाहत राहिली, की जणू ती दुसऱ्याच कुणाची आहेत.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी सवयीने घेतलं गं. अंगावरच्या कपड्यांवरून, दोन बोटं आत ठेवून. शिवताना असंच घेतात, नाहीतर कपडा आवळतो. मी कपड्याचं माप दिलं, माणसाचं नाही. आणि त्या बाईने घेतलं माणसाचं."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीही बारीक झालेलं नाही, बाळा. फक्त माझी बोटं निघाली मधून."

खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता, आणि बाहेर कुणीतरी अजून भोंगाच्या नावाने शिट्ट्या मारत होतं.

"उद्या जाऊ पालिकेत," आई म्हणाली. "चूक माझी आहे, मी सांगते. रागावतील थोडे."

"नाही!" तो आवाज आख्ख्या मैदानाला पुरला असता. मग ती एकदम खालच्या पट्टीत आली. "आई, जागा जाईल. ट्रक येतील तिथे. आणि सगळे म्हणतील, हिने आपल्याला फसवलं. मग माझं कोण ऐकेल? मी पुन्हा पुटपुट होईन. प्लीज, आई. तू नेहमी म्हणतेस ना, कापड आटलंय म्हणून? तसंच समज."

आईने टेप गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. "मी ते एकेकीला म्हणते," ती म्हणाली. "सगळ्या गावाला नाही." पण पालिकेत ती गेली नाही.

आणि दोनच दिवसांत दारात गाठोडी यायला लागली. गल्ली बारीक झाली होती, तेव्हा गल्लीचे कपडे आत घ्यायला हवे होते! पोस्टमनच्या पँटी, गॅरेजवाल्याचा कोट, बायकांचे ड्रेस, आणि बेकरीवाल्या काकूचा हिरवा झगा, जो तिला गेली कित्येक वर्षं होतच नव्हता.

"आता तो ढगळच होणार, चांगला आत घे हं," काकूने बजावलं. "उद्घाटनाला घालणार आहे. आमच्या ह्यांनी मला ओळखलं नाही पाहिजे."

"थोडे दिवस थांबा ना," आई म्हणाली. "अंग अजून हलतंय. स्थिर होऊ दे."

"तुझं आपलं काहीतरीच! आनंद नाही का झाला तुला?"

आई काय करणार? आत घेतले तर एकाच्या अंगात एक कपडा जाणार नव्हता. नाही घ्यायचे म्हटलं, तर का ते सांगावं लागणार होतं. तिने ते कपडे धुतले, इस्त्री केले, सुबक घड्या घातल्या आणि जसेच्या तसे परत केले. मजुरी कुणाकडूनच घेतली नाही. "बक्षीस समजा माझ्याकडून," म्हणाली. लोकांनी कपडे घातले, आरशात पाहिलं, आणि म्हणाले, वा, काय बेतशीर बसलेत! भोंगाला हसू आवरेना. तिला वाटलं, सुटलो.

नाही सुटलो, ते त्या हिरव्या झग्यामुळे.

उद्घाटनाच्या आधी मंडळाची सभा होती, मैदानावरच, दुपारी. कुंपण झालं होतं, बार उभे राहिले होते, वाफ्यांत रोपं हिरवी दिसायला लागली होती. सेक्रेटरी काका प्रास्ताविक करत होते तोच बेकरीवाली काकू झगा हातात नाचवत आली. झगा उलटा केलेला होता.

"ही बघा! ही बघा शिवण! मला आवळला, म्हणून मी मुख्य रस्त्यावरच्या टेलरकडे नेला. म्हटलं, आमच्या ताईने जरा जास्तच आत घेतलाय, सैल करून दे. तर तो मेला हसला मला! म्हणतो, बाई, याला कुणी सुईसुद्धा लावलेली नाही!"

कुजबुज सुरू झाली. गॅरेजवाल्याने तिथल्या तिथे कोट काढून अस्तर पाहिलं. त्याच्या बायकोने ड्रेसची कड उलटली. कुणाच्याही कपड्याला टाका पडलेला नव्हता.

"म्हणजे आपल्याला बनवलं?" कुणीतरी म्हणालं.

"फुकट म्हणून काहीही?"

तेव्हा पोस्टमन उभा राहिला. भला माणूस, विचार करून बोलणारा. "पण मला एक कळत नाही," तो म्हणाला. "आत घेतलीच नाही, तर माझी पँट मला बरोब्बर बसतेय, ती कशी?"

एवढी माणसं आणि कुणीही कुणाकडे बघेना. कुणी वाफ्यांकडे पाहिलं, कुणी नव्या कोऱ्या बारकडे. काकूने खिशात घातलेला हात हळूच बाहेर काढला. उत्तर सगळ्यांच्या मधोमध उभं होतं, फक्त त्याला या बसा म्हणायचं बाकी होतं.

सेक्रेटरी काका खोकले. "बसते म्हणजे... सैल होत असेल जरा. तुझं लक्ष नसेल."

"हो रे," काकू म्हणाली. "सैल होत असेल."

पोस्टमनने कमरपट्ट्यात बोट घालून पाहिलं. पुन्हा नव्या कुंपणाकडे पाहिलं. "तशी... सैलच होतेय म्हणा," तो म्हणाला, आणि खाली बसला.

सगळ्यांनी श्वास सोडला, आणि मग तो सगळा राग, जायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून, कुंपणापाशी उभ्या असलेल्या आईकडे वळला. इतक्या वर्षांचा विश्वास! घरचं माणूस समजलो हिला! काकूला तर रडूच फुटलं. सेक्रेटरी काकांनी माइक भोंगाकडे दिला. "तू सांग, बाळ. तुझ्या आईने असं का केलं? तू सांगशील ते आम्ही मानू."

तू सांगशील ते आम्ही मानू. आयुष्यात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. ती पिंपावर चढली. खरं तिच्या जिभेच्या टोकावर होतं. दोन वाक्यांचं तर होतं. समोर सगळे चेहरे तिच्याकडे वळलेले, त्या दिवशी शाळेचं मैदान वळलं होतं तसे. आणि तोंड उघडलं तेव्हा आवाज आला तो स्वच्छ, गोड, जरासा कापरा, अगदी हवा तेवढाच कापरा.

"माझ्या आईला हल्ली नीट दिसत नाही."

म्हणेपर्यंत तिला स्वतःलाच माहीत नव्हतं की ती हे म्हणणार आहे. एकदा म्हटल्यावर मात्र पुढचं आपोआप आलं. "सुई ओवायला मला हाक मारते. शिवण घातली असं तिला वाटतं आणि घातलेलीच नसते. तुम्हाला सांगायची लाज वाटते तिला. तिने मुद्दाम नाही केलं. तिला माफ करा ना."

गल्ली विरघळली. "अगं बाई!" "आणि आपण काय काय बोललो!" "एकटीने तरी किती ओढायचं बिचारीने!" सगळ्या माना कुंपणाकडे वळल्या.

आई मैदानाच्या त्या टोकाला होती. तिथून या टोकाच्या लेकीच्या पापण्या कशा फडफडताहेत, हेसुद्धा तिला लख्ख दिसत होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हो. डोळ्यांचंच झालंय हल्ली," आणि मान खाली घातली.

गल्लीने तिला मोठ्या मनाने माफ केलं. इतक्या मोठ्या मनाने, की रागावले असते तर बरं. काकूने तिचे हात हातात घेतले. पोस्टमनची आई दुसऱ्याच दिवशी गाजरं घेऊन आली, "डोळ्यांना चांगली हं ताई, रोज खा." मग गॅरेजवाल्याकडून आली, मग सेक्रेटरी काकांकडून. मैदानाच्या वाफ्यांतलं पहिलं पीक निघालं तेही मंडळाने समारंभाने आईला दिलं. घरात गाजरंच गाजरं झाली. फक्त कापड यायचं थांबलं. ज्या बाईला दिसत नाही, तिच्या कात्रीखाली चांगलं कापड कोण देईल? व्यायामाचे एकसारखे गणवेश शिवायचं ठरलं, तेव्हा काम मुख्य रस्त्यावरच्या टेलरला गेलं. "ताईच्या डोळ्यांना ताण नको," काकू कळवळून म्हणाली. जुन्या कपड्यांचं काय काय बोलणं झालं होतं, ते पुन्हा कुणी काढलं नाही.

एका सकाळी भोंगा उठली तेव्हा आई मशीनवर चादर घालत होती.

"आई, मी आज सांगून टाकते सगळं. शपथ."

"काय सांगशील? मला दिसतं म्हणून?" आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भोंगाला काहीतरी करता आलं असतं. "त्यांना वाटेल, आईच्या मायेने बोलतेय. आणि खरं मानलंच, तर मग तुझं कुणी ऐकणार नाही, जागाही जाईल, आणि माझ्याकडे कापड काही परत यायचं नाही. खोटारड्या शिंपिणीकडे कोण देतं?"

"मग तू काय करणार?"

"गोदामात बायका हव्यात, पोत्यांची तोंडं शिवायला. मोठी सुई, सुतळी. तिथे डोळे कुणी विचारत नाही." तिने डबा पिशवीत टाकला. डब्यात काय होतं ते विचारायला नको होतं.

खालून हाका सुरू झाल्या. "ए भोंगाऽ! चल की! तुझ्याशिवाय सुरूच होत नाही बघ!"

ती तशीच उभी राहिली. आई चप्पल घालत होती. हाका वाढल्या. मग भोंगा जिना उतरली.

सगळे नव्या गणवेशात रांगा करून उभे होते. तिने पिंपावर चढून हात वर केला, आणि गल्ली शांत झाली. "हात वर! एक! दोन!" आवाज अजिबात बसलेला नव्हता. चांगला टोकापर्यंत जात होता.

कुंपणाच्या कडेने आई गोदामाकडे निघाली होती. वाटेत नळाच्या कामासाठी खड्डा खणलेला होता, त्याच्याभोवती दोरी बांधलेली.

"अगं अगं ताई, खड्डा!" बेकरीवाली काकू रांग सोडून धावली. "थांब, पुढे पाय टाकू नकोस, मी आले!"

आईने खड्डा लांबूनच पाहिला होता. ती त्याला वळसा घालायला वळलीही होती. पण ती थांबली. काकूने दंड धरला, तसा आईने पाय पुढे करून जमीन चाचपली, हळूहळू, आंधळं माणूस चाचपतं तशी, आणि काकू नेईल तिकडून ती गेली.

पिंपावरून भोंगाला सगळं दिसत होतं. रांगा हात वर करून खोळंबल्या होत्या.

"तीन," ती ओरडली. "चार."